नाव चुकले आणि २ कोटी झाडे गेली

१/
जीवाणूंचे वर्गीकरण म्हणजे प्रयोगशाळेतील नामकरणविधी, इतिहासाला त्याचे काय, असा समज इतिहासप्रेमींत रूढ आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील कँकर, म्हणजेच महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा ‘खैऱ्या’, हा समज समूळ खोडून काढतो.

२/
१९१०च्या दशकात हा रोग फ्लोरिडात पसरला, तेव्हा प्रथम संशय बुरशीवर गेला. व्रणांत बुरशी आढळत होतीच. १९१५ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातील क्लारा हॅसे यांनी व्रणातून जीवाणू वेगळा केला, निरोगी झाडात टोचला आणि तोच रोग उत्पन्न करून दाखवला. घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हा धडा इतिहासाच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

३/
‘हा रोग मूळचा जपानचा’ हे विधानही असेच उथळ. फ्लोरिडात तो जपानी रोपांतून आला, एवढेच त्यातून सिद्ध होते. १९३३ मध्ये फॉसेट आणि जेंकिन्स यांनी जुने वनस्पतिसंग्रह तपासले. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील, १८२७ ते १८३१ दरम्यान देहरादून येथे गोळा केलेल्या नमुन्यावर याच रोगाचे व्रण होते. नोंद उशिरा झाली म्हणून घटना उशिरा घडली, असे होत नाही.

४/
हॅसे यांनी दिलेले नाव ‘स्यूडोमोनास सिट्री’. पुढे तो जीवाणू ‘झँथोमोनास’ या प्रजातीत गेला. १९७८ मध्ये शंभरावर रोगकारकांसह त्यालाही ‘कँपेस्ट्रिस’ या एकाच जातीत कोंबण्यात आले. सोय झाली, भेद मात्र पुसट झाले.

५/
त्याची किंमत १९८४ मध्ये कळली. फ्लोरिडाच्या रोपवाटिकांत ठिपक्यांचा एक रोग दिसला. त्याच्या जीवाणूलाही ‘सिट्री’च्याच खात्यात टाकले गेले आणि निर्मूलनाची आज्ञा लागू झाली. सुमारे २ कोटी रोपे व कोवळी झाडे नष्ट करण्यात आली. पुढे डीएनएच्या तुलनेतून तो जीवाणू निराळा आणि बराच सौम्य ठरला.

६/
‘नावे बदलतच राहतात, मग ती व्यर्थच’, असा आक्षेप येईल. परंतु नाव बदलले ते पुरावा बदलला म्हणून. घाईला कारण होते, हेही मान्य. खरा कँकर वारा-पावसाबरोबर वेगाने पसरतो. तरीही कुऱ्हाड चालली ती नावाच्या आधारे. ज्या शब्दावर २ कोटी झाडांचे मरण ठरते, त्याला केवळ परिभाषा म्हणणे हे इतिहासाचेच अज्ञान होय.