गहाणाची फसवणूक आणि शिक्षेचे माप

गहाणखत म्हणून वाचून दाखवावयाचे, आणि सही मात्र खरेदीखतावर घ्यावयाची, ही लबाडी आपल्या जिल्ह्यास नवीन नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खते जाळली ती असल्याच कागदांच्या संतापाने. त्या दंग्याबद्दल पुणे व नगर या दोन जिल्ह्यांत ९५१ इसम पकडले गेले आणि ५०१ जणांस शिक्षा झाल्या. कागद जाळणारे तुरुंगात गेले. खोटे कागद करणाऱ्यांचा विचार सरकारास १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्यापर्यंत सुचला नाही!

आज पुणे शहर वाढत वाढत डोंगराच्या पायथ्याशी आले आहे, आणि विंझरसारख्या वेल्ह्याकडील गावांतल्या जमिनीवरही बाहेरच्यांची नजर गेली आहे. अशा ठिकाणी फसवणूक एकट्याच्या हातून होत नाही. पैसे देणारा एक, मजकूर लिहिणारा दुसरा, दुय्यम निबंधकापुढे खातेदाराची ओळख पटविणारा तिसरा, आणि साक्षीदार दोन. ही मंडळी दोषी ठरल्यावर शिक्षेचे माप कोणते? समान हेतूच्या तत्त्वाने गुन्हा सर्वांचा एक ठरतो. शिक्षा मात्र सर्वांस सारखीच दिली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. शिक्षेपूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे ते याचसाठी. परंतु व्यवहारात 'मी केवळ सही केली' या सबबीवर खालच्या हातांस फार स्वस्तात सोडले जाते, हे आम्हांस मान्य नाही. मजकूर समजू न देता सही घेणे हे खोटा दस्तऐवज करणेच होय. आणि मौल्यवान रोख्याच्या बनावटीस जुन्या दंडसंहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही कायम आहे. ज्याच्या लेखणीवाचून कपट घडलेच नसते, त्या लेखकाचा वाटा पैसे देणाऱ्याहून हलका कसा?

साक्षीदाराची गोष्ट थोडी निराळी. केवळ साक्ष घातल्याने मजकूर ठाऊक होता असे कायदा धरीत नाही, आणि ते योग्यच आहे. आमच्या व्यापारी वाचकांपैकी कित्येक गृहस्थ ओळखीखातर, चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच सही ठोकून मोकळे होतात. त्यांनी ही सवय सोडावी. पण जो खातेदाराच्या नावाने उभ्या केलेल्या तोतयास 'हाच तो' म्हणून ओळखतो, त्याच्या भोळेपणावर आमचा विश्वास नाही.

दंड भरपूर करावा व त्यातून फिर्यादीस भरपाई द्यावी. तसा अधिकार न्यायालयास आहे. तथापि आरोपी तुरुंगात गेले म्हणजे जमीन परत आली, अशी जी समजूत गावोगाव आहे ती घातक आहे. फौजदारी निकालाने खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लागतो, आणि त्याची मुदत कपट कळल्यापासून ३ वर्षे. फौजदारी खटले त्याहून अधिक काळ चालतात हे वकिली करणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. विंझरच्या ज्या खातेदारास असा कागद आज समजला असेल, त्याने फिर्याद देऊन परतताना दिवाणी दाव्याची तजवीजही त्याच आठवड्यात करावी.