यांत्रिक करवतीची पावसाळ्यापूर्वीची निगा

उन्हाळवाही आटोपली, धुऱ्यावरील वाळलेल्या बाभळी तोडून सरपण घरी आले, की आमच्या जाम-समुद्रपूर भागातील कास्तकाराचे लक्ष आकाशाकडे लागते. तिफण, वखर व डवरा बाहेर निघतात. आणि जे अवजार हिवाळ्यापासून धुऱ्यावर व पांदणीवर राबले, ती यांत्रिक करवत, जिला आता सर्वत्र चेनसॉ म्हणतात, ती मात्र टाकीत उरलेल्या पेट्रोलसह व साखळीस चिकटलेल्या भुशासह कोठ्याच्या कोपऱ्यात टाकली जाते. दसरा उलटल्यावर ती काढावी, तर दोरी ओढून ओढून खांदा दुखू लागतो, पण यंत्र काही सुरू होत नाही. मग हिंगणघाटास मिस्त्रीकडे धाव, तेथे गर्दी, आणि ऐन कामाच्या दिवसांत आठवडा वाया. दोष यंत्र बनविणाऱ्यास दिला जातो. आमचे मत निराळे आहे. यंत्र कामाने झिजते हे खरे. परंतु कास्तकाराघरची करवत बहुधा कामाने बिघडत नाही, ती विश्रांतीत बिघडते, आणि हे नुकसान टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

खांडेनवमीस आपण सर्व अवजारे धुऊन पुसून त्यांस हळदकुंकू वाहतो. ही चाल उत्तम आहे. पण ज्या करवतीवर तोपर्यंत चार महिन्यांचा गंज चढला, तिला कुंकू लावून काय साधणार? बैल पावसाळ्यात राबतो व पोळ्यास मान घेतो. यंत्राचे उलट आहे. ते पावसाळ्यात स्वस्थ पडते, आणि त्याचा खरा पोळा मृग लागण्यापूर्वीच साजरा झाला पाहिजे. त्यास लागते ती एक संध्याकाळ, एक ब्रश, थोडे तेल व काही जुनी फडकी. याहून अधिक काही नाही.

बिघाडाचे मूळ कोठे आहे, ते प्रथम समजून घ्यावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० साठी ठरले होते. २०२२ मध्ये ते अलीकडे आणले गेले, आणि २०२५ मध्ये देशाने ते प्रमाण गाठले. यात ऊस व मका पिकविणाऱ्या आपल्याच बांधवांचे हित आहे, सबब आम्ही त्याविरुद्ध तक्रार करीत नाही. परंतु इथेनॉलचा एक गुण कास्तकाराने ध्यानी ठेवला पाहिजे, तो असा की ते पाणी शोषून घेते. आमच्या जिल्ह्यात वर्षास हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी ठेवली, की इंधनात ओल शिरते. ओल पुरेशी वाढली म्हणजे पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसतो. करवतीची इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. ती नेमका तोच थर ओढते. टू-स्ट्रोक तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. म्हणजे यंत्र चालले तरी त्यास वंगण मिळत नाही. शिवाय जुने इंधन उडून गेल्यावर मागे चिकट राळ उरते, ती कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजविते व आतील पातळ पडदा ताठर करते. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच लिहिलेली आढळते. आपल्या पुस्तिकेत काय लिहिले आहे, ते प्रत्येकाने पाहून घ्यावे.

आता कृती सांगतो. हे काम दिवसा, उघड्या अंगणात, मुले, चूल व विडी यांपासून दूर करावे. प्रथम टाकीतील इंधन काढून घ्यावे. नंतर करवत जमिनीवर नीट टेकवून सुरू करावी व मंद गतीने चालू ठेवावी. कार्बोरेटरमधील उरलेले इंधन जळून ती आपोआप बंद पडेल. काढलेले मिश्रण ताजे असेल, तर तेल व पेट्रोल यांचे प्रमाण तेच असणाऱ्या फवारणी पंपात ते लगेच वापरावे; नाल्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. मिश्रण केल्यापासून महिना उलटला असेल, तर ते कोणत्याही यंत्रात घालू नये. मुळात मिश्रण लागेल तेवढेच करावे. १:५० हे प्रमाण सांगितले असल्यास एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल पुरते. अंदाजाने ओतण्याची सवय सोडावी.

यंत्र पूर्ण थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढावा, सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे काही थेंब सोडावेत, छिद्रावर फडके धरून दोरी दोनतीन वेळा हळूच ओढावी, म्हणजे तेल आतून सर्वत्र पसरेल व गंज धरणार नाही. मग प्लग पुन्हा बसवावा, पण त्याची तार जोडू नये. यानंतरच साखळी व पाते उतरवावे. पात्याच्या खाचेत व तेलाच्या छिद्रात दडलेला भुसा काडीने कोरून काढावा. साखळी ज्या दातेरी चाकावर फिरते, त्याच्या भोवती तेलाने भिजलेला भुसा घट्ट बसलेला असतो; तो ओल धरून ठेवतो. सिलिंडरच्या पंखांमधील कचरा ब्रशाने साफ करावा व हवेची गाळणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करावी. साखळीस धार आताच लावून ठेवावी. बोथट साखळी जपून ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या मोसमात पाते उलटे करून बसवावे, म्हणजे त्याच्या दोन्ही कडा सारख्या झिजतील.

साखळीस व पात्यास तेल कोणते लावावे, याविषयी आमच्याकडे मोठा घोटाळा आहे. कित्येकजण ट्रॅक्टरचे काढून टाकलेले काळे तेल वापरतात. त्यात धातूचे सूक्ष्म कण असतात व ते साखळीस घासून खातात. कित्येकांच्या घरी जवस पिकतो, म्हणून ते जवसाचे तेल लावतात. हे तर सर्वांत वाईट. कारण जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरते, आणि याच गुणामुळे ते रंगकामात वापरले जाते. जे तेल दारांवर रंग पक्का करते, ते साखळीची कडी न कडी जखडून टाकील यात नवल काय? साखळीचे म्हणून मिळणारे तेलच घ्यावे. त्यात साखळी बुडवून, निथळून, झाकणाच्या डब्यात ठेवावी, व पात्यावर त्याचा पातळ हात फिरवावा.

ठेवण्याची जागाही विचाराने निवडावी. खताच्या पोत्यांशेजारी करवत कदापि ठेवू नये. युरिया व इतर खते हवेतील ओल ओढतात, व त्यांचे क्षार लोखंडास झपाट्याने खातात. पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवल्यास पोते ओल धरते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यास आतल्या आत दव साचते. कोरड्या खोलीत, भिंतीपासून सुटी, उंच फळीवर, पात्यास म्यान घालून व वरून सुती कापड टाकून ती ठेवावी. मुलांचा हात तेथवर पोचू नये. बॅटरीवरील करवत असल्यास बॅटरी काढून थंड, कोरड्या जागी ठेवावी व ती पूर्ण रिकामी होऊ देऊ नये.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. श्रावणात वादळ झाले, पांदणीवर झाड आडवे पडले, बंडी अडली, तर रिकामी करवत काय कामाची? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तरही सरळ आहे. नीट ठेवलेली करवत साखळी चढवून, ताजे मिश्रण घालून अर्ध्या तासात कामास लागते. जुन्या इंधनासह फेकलेली करवत त्या दिवशी सुरू होईलच, याची हमी कोण देणार? आणि सुरू झाली, तरी गंजलेल्या कड्यांची साखळी व अडकलेला ब्रेक घेऊन पावसात झाड कापणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. काम झाल्यावर मात्र पुन्हा टाकी रिकामी करण्याचा कंटाळा करू नये.

आता जे आम्हास मुख्यतः सांगावयाचे आहे, ते सांगतो. यंत्राने माणसास चालवावे की माणसाने यंत्रास, हा वाद आमच्याच वर्धा जिल्ह्यात पुष्कळ झाला आहे. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पांनी मगनवाडीतून ग्रामोद्योगांचे काम चालविले. त्या वादात कोणी कोणतीही बाजू घेवो, एवढे सर्वांस मान्य व्हावे की, जो मालक आपल्या यंत्राचा प्लगही काढू शकत नाही, तो त्या यंत्राचा मालक नसून त्याचा आश्रित आहे. दोरी ओढून थकल्यावर तो मिस्त्रीच्या, दुकानदाराच्या व नशिबाच्या स्वाधीन होतो. आमच्या भागात दोघातिघांनी मिळून एक करवत घेण्याची पद्धत आहे. ती स्तुत्य आहे. पण तिघांची वस्तू म्हणजे कोणाचीच नव्हे, अशी तिची गत होते. म्हणून भागीदारांनी पैशाचा वाटा ठरविताना निगेचा भार कोणाकडे, हेही ठरवावे व त्याचे नाव हिशेबाच्या वहीत लिहावे.

आमच्या मंडळासही एक सूचना आहे. रोहिणी नक्षत्राच्या अखेरीस एक दिवस ठरवून सभासदांनी आपापल्या करवती व फवारणी पंप एकत्र आणावेत, जाणत्याने कृती करून दाखवावी व बाकीच्यांनी आपल्या हाताने ती करावी. नवीन यंत्र घेताना मराठी पुस्तिका मागून घ्यावी, व ती मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. पुस्तिका ही यंत्राचाच एक भाग आहे.

मृगाचा पहिला शिडकावा होण्यापूर्वी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. म्हणजे येत्या खांडेनवमीस ज्या करवतीवर कुंकू वाहिले जाईल, ती दुसऱ्याच दिवशी धुऱ्यावर कामास लागेल.