पटावरचा डाव आणि ब्राउझरमधला डाव

आमची भाची यंदा सातवीत आहे. मागच्या हिवाळ्यात ती तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली. वर्षभर घरच्या जुन्या लॅपटॉपवर, ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडून ती खेळत होती आणि चांगली खेळत होती. आम्हीच तिला ते लावून दिले होते. त्यामुळे ती जिंकेल असे तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त वाटत होते.

पहिल्याच डावात तिच्याकडे एक उंट जास्त होता. तिने घोडा उचलला, मग तिच्या लक्षात आले की घोडा हलवला तर मागचा वजीर उघडा पडतो. तिने घोडा परत ठेवला आणि हत्ती सरकवला. समोरच्या मुलाने हात वर केला. पंच आले, शांतपणे म्हणाले, "बेटा, घोड्याला हात लावलास, आता घोडाच चालवावा लागेल." वजीर गेला आणि पाठोपाठ डावही गेला. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "खाला, लॅपटॉपवर असं होत नाही."

तिचे बरोबर होते. लॅपटॉपवर असे होत नाही. मग काय काय होत नाही, हे आम्ही दोघी बसून पाहू लागलो.

नियमांच्या बाबतीत ब्राउझरमधले बुद्धिबळ पटावरच्यासारखेच आहे. चौसष्ट घरे, सोळा-सोळा मोहरे, शह आणि मात. फरक आहे तो नियम सांभाळतो कोण, यात. ब्राउझरमध्ये मोहऱ्यावर बोट ठेवले की तो कुठे कुठे जाऊ शकतो तिथे ठिपके उमटतात. चुकीची खेळी करायला गेलात तर मोहरा मुकाट जागेवर परत जातो. राजाला शह बसला तर राजाचे घर लाल होते. पटावर यातले काहीच नाही. शह आपणच ओळखायचा, खेळी योग्य आहे का ते आपणच पाहायचे आणि हात लावला की शब्द दिल्यासारखे त्याला बांधून राहायचे. शिवाय स्क्रीनवर पट वरून, सपाट दिसतो. टेबलावर तो तिरका दिसतो, पुढच्या मोहऱ्यांआड मागचे लपतात. वर्षभर सपाट पटावर सरावलेल्या मुलाला टेबलावरची लांब तिरकी रेघ पटकन दिसत नाही.

आमच्या अब्बांनी हे सगळे ऐकले आणि कपाटातून आपला कापडी पट काढला. लाकडी मोहऱ्यांचा रंग उडालेला, एका हत्तीच्या जागी दोऱ्याची रिकामी रीळ. नात-नाना खेळायला बसले आणि दुसऱ्याच खेळीला वाद झाला. तिने प्यादे दोन घरे पुढे टाकले. अब्बा म्हणाले, "एकच घर."

"नाना, पहिल्या खेळीत दोन चालतात."

"आमच्यात नाही चालत, बेटा."

दोघेही खरे होते. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेल्या देशी खेळात प्यादे एकेक घरच चालायचे आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची. त्याच्याही मागे जायचे तर अरबांची शतरंज आहे. ती इराणमार्गे हिंदुस्थानातूनच तिकडे गेली. तिच्यात वजीर म्हणजे 'फर्जीन' तिरके एकच घर चालायचा. आज आपण ज्याला उंट म्हणतो, त्या जागी 'फील' म्हणजे हत्ती होता आणि तो तिरका उडी मारून बरोबर दोन घरे जायचा. दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या दरबारात अबू बक्र अस-सूली हे याच नियमांनी खेळले आणि त्यांनी या खेळावर पुस्तकही लिहिले. वजिराला आजची ताकद मिळाली ती युरोपात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा 'मूळ खेळ' कोणता, असे विचारले तर आजचा लाकडी पटसुद्धा मूळ नाही. नियम बदलत आले आहेत आणि माणसे नवे नियम शिकत आली आहेत.

याचा मोठा दाखला म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातल्या मिठा गावचे, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले. देशी नियमांनी खेळ शिकले, पुढे आंतरराष्ट्रीय नियम शिकून घेतले, १९२९ साली इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ सालीही तेच विजेते होते. माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही त्यांनी हरवले. २०२४ साली, मृत्यूनंतर सुमारे अठ्ठावन्न वर्षांनी, जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला. त्याच घरच्या नोकरवर्गातल्या फातिमा नावाच्या तरुणीने १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले, हे आमच्या भाचीला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही नव्हते.

फातिमाला खेळायला माणसे मिळाली, कारण ती त्या घरात होती. आपल्या किती मुलींना मिळतात? इथे ब्राउझरचे पारडे जड आहे आणि ते मान्य केले पाहिजे. खेड्यातली मुलगी घराबाहेर न पडता आपल्या बरोबरीच्या खेळाडूशी खेळू शकते. 'लीचेस' हे संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. एका फ्रेंच प्रोग्रामरने ते उभे केले, ते पूर्णपणे मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि देणग्यांवर चालते. डाव संपला की कुठे चुकलो हे संगणक दाखवतो. आमच्या लहानपणी ही सोय शहरातल्या क्लबांतही नव्हती.

मग अडचण कुठे आहे? ती आम्हाला एका संध्याकाळी कळली. मगरिबची अजान झाली. अब्बांनी पट होता तसा सोडला, वुजू केले, नमाजला उभे राहिले. भाची लॅपटॉपसमोर होती. हाक मारली तर म्हणाली, "दोनच मिनिटं खाला, घड्याळ चालू आहे!" ती दोन मिनिटे संपली, ती हरली आणि चिडून तिने लगेच दुसरा डाव लावला. नमाज झाली, पण वक्त संपता संपता.

शतरंजबाबत आपल्यात मतभेद आहेत हे वाचक जाणतात. हनफी मसलकात ती मकरूह तहरीमी मानली जाते. शाफई मसलकात ती पसंत नाही, पण पैज नसेल, नमाज चुकत नसेल आणि तोंडी अपशब्द येत नसतील तर हराम नाही. आम्ही कोकणातले, घर शाफई, म्हणून आमच्याकडे पट राहिला. घाटावरच्या आमच्या हनफी मैत्रिणींकडे तो नसतो आणि त्यांचेही आम्हाला पटते. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत.

पण शिक्षक म्हणून आम्हाला एक गोष्ट जाणवली. त्या तीन अटी शेकडो वर्षांपूर्वीच्या आहेत, तरी पट आणि ब्राउझर यांतला फरक मोजायला त्यांच्याइतके नेमके माप आम्हाला सापडले नाही. पैज: पटावर ती कोणी मुद्दाम लावेल तरच असते, इंटरनेटवर पैसे लावून खेळायला बोलावणाऱ्या जाहिराती आपणहून समोर येतात. अपशब्द: समोर नाना बसलेले असताना कोणी बोलत नाही, अनोळखी माणूस चॅटमध्ये काहीही लिहितो. आणि नमाज: पट थांबतो, ब्राउझरमधले घड्याळ थांबत नाही. एक डाव संपला की दुसरा एका बोटावर तयार असतो. पटावर मोहरे पुन्हा मांडावे लागतात, तेवढ्यात माणूस भानावर येतो.

म्हणून आम्ही लॅपटॉप बंद केला नाही. त्यातला डाव थांबेल अशी व्यवस्था केली. एका मिनिटाचे डाव बंद. लीचेसवर एका खेळीला एक ते चौदा दिवस देणारा पत्रव्यवहाराचा डाव असतो. आता ती रोज तोच खेळते. वेळ लावून खेळायचेच असेल तर अजानला पुरेसा अवकाश आहे ना, हे आधी पाहायचे. मुलांसाठीची 'किड मोड' सुरू केली, त्यामुळे चॅट बंद झाले. खेळी दाखवणारे ठिपके सेटिंगमध्ये जाऊन घालवले. चूक कुठे झाली हे संगणकाला विचारण्याआधी तिने तोंडी सांगायचे. आणि शुक्रवारी दुपारी जेवणानंतर नानांबरोबर कापडी पटावर एक डाव, आंतरराष्ट्रीय नियमांनी. अब्बांनी या वयात प्यादे दोन घरे टाकायला शिकून घेतले.

ठिपके गेल्यावर पहिल्या आठवड्यात ती सारखी हरली. आम्हालाच वाईट वाटले, पुन्हा लावून देऊ का असेही मनात आले. तीच म्हणाली, राहू देत.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी डाव लांबला आणि असरची अजान झाली. ती आपणहून उठली. जाताना पटाकडे बोट दाखवून नानांना म्हणाली, "नाना, हात लावायचा नाही हं. लावला तर चालवावा लागेल." अब्बा हसले, म्हणाले, "तूच हात मांडीखाली ठेवून बसत जा, म्हणजे घोडा आपोआप उचलला जाणार नाही."

यंदाची तालुका स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. तिने नाव दिले आहे. हरली तरी चालेल, पण या वेळी हात लावण्याआधी विचार करेल, इन्शाअल्लाह.