जगात जर्मनी, टर्बोत परभणी!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपला मराठवाड्यातला माणूस दोन वेळा हमखास वापरतो. एकदा छाती फुगवून आणि एकदा खड्ड्यात चाक आदळल्यावर! पण परभणीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ही म्हण सध्या शब्दशः खरी होतेय. शेड माझ्या मावशीच्या घरामागची. आत सोयाबीनची पोती, एक मोडका कूलर आणि २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. इंजिन जर्मन फोक्सवॅगन ग्रुपचं, बिल्ला चेक, आणि ज्याचे हात काळे झालेत तो माझा मावसभाऊ. पक्का परभणीकर.

सोमवार ते शुक्रवार तो पुण्यात आयटीत असतो. तुमच्याआमच्यासारखाच. कार्ड स्वाइप, मीटिंग, कॉफी, पुन्हा मीटिंग. पण महिन्यातल्या दोन शुक्रवारी आपण मल्टिप्लेक्सच्या लाइनीत असतो तेव्हा हा पठ्ठ्या सॅकमध्ये होजपाइप आणि गॅस्केट भरून परभणीची गाडी पकडतो.

आता तुम्ही म्हणाल, ऑक्टाव्हिया कसली स्पोर्ट्‌स कार? ती तर बँक मॅनेजरची गाडी! तोच तर फंडा आहे राव. २००४ साली भारतात आलेल्या आरएसच्या त्या सभ्य बॉनेटखाली १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. ताकद १५० हॉर्सपॉवर. त्या काळात आपल्याकडे टर्बो म्हटलं की लोकांना डिझेल गाडीच आठवायची. आणि या ऑक्टाव्हिया जोडल्या जायच्या कुठे? परभणीपासून साधारण २०० किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला. स्कोडाने २००१ मध्ये तिथूनच भारतातला धंदा सुरू केला होता. म्हणजे ही फॉरिनची पाहुणी वगैरे नाही, मराठवाड्याची लेक आहे!

टर्बो म्हणजे नक्की काय?

सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एका छोट्या पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. फुकटातलं जुगाड वाटतं ना? आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. फक्त हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तेवढ्या वेगात त्याला सांभाळतो तो तेलाचा पातळ थर. तेल जुनं, जळकं, गाळ धरलेलं असेल तर टर्बोचं आयुष्य संपलंच.

त्यात आपला उन्हाळा! परभणीत मे महिन्यात पारा ४३च्या पुढे जाणं ही काही बातमी नव्हे. गरम हवा विरळ असते. २० अंशांच्या तुलनेत ४३ अंशांना तेवढ्याच हवेत सुमारे ७ टक्के माल कमी. म्हणून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर स्वच्छ हवा, त्याचे पाइप घट्ट हवेत. भाऊच्या गाडीत धूळ, किडे आणि वाळलेला पाला निघाला. अक्षरशः मूठभर.

आधी काय, नंतर काय?

खरी गंमत इथे आहे. भाऊला पहिल्या दिवसापासून एकच स्वप्न पडत होतं, रीमॅप. म्हणजे लॅपटॉप लावायचा, इंजिनच्या कम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलायचं, टर्बोचा दाब वाढवायचा. युरोपात २००० साली आलेल्या आरएसला १८० हॉर्सपॉवर होती, मग आपल्याच गाडीने काय घोडं मारलंय, हा त्याचा युक्तिवाद. शेवटी सॉफ्टवेअरवाला माणूस. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याला कीबोर्डवरच दिसतात!

काकांचं मत वेगळं होतं. ते रिटायर्ड शिक्षक. शेडच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात आणि पेपरवरून सगळं बघतात. ‘कामून पैसे घालायलास त्यात? भंगारवाला बरा पैसा देतोय,’ हे त्यांचं पालुपद. पण एका रविवारी त्यांनी वेगळंच विचारलं. मावशीला दर महिन्याला तपासणीसाठी नांदेडला न्यावं लागतं. ‘तुझ्या आईला या गाडीत बसवून नांदेडला नेशील का? आज? आत्ता?’

भाऊ गप्प. कारण उत्तर ‘नाही’ होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी कामांची यादी उलटी झाली. रीमॅप तळाला गेला. वर काय आलं, ऐका. ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि होजपाइप. टायर. टायमिंग बेल्ट आणि त्यासोबत वॉटरपंप. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि खेळ खल्लास. मग प्रत्येक सिलिंडरची इग्निशन कॉइल. टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा, जो वयाने चिरतो. आणि इंजिनभर पसरलेल्या रबरी नळ्या, ज्या हातात घेतल्या की बिस्किटासारख्या मोडत होत्या. दोष कुणाचाच नाही, वीस वर्षं रबराला जास्तच होतात!

नळ्यांचं काम आता टाळताही येत नाही. २०२५पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनतं, त्याचा ऑक्टेन चांगला, त्यामुळे टर्बोला ते वाईट नाही. पण जुन्या गाड्यांचं रबर आणि गॅस्केट त्यासाठी बनलेलं नव्हतं. जुनी पेट्रोल गाडी घेताय? पेट्रोलच्या नळ्या आधी बदला. पेट्रोलचा वास आला की गाणी बंद, इंजिन बंद.

आरटीओचं काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मग फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, वर हरित कर. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. भाऊची एमएच २२ नेमकी याच कचाट्यात सापडली! ५० वर्षांवरच्या व्हिण्टेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले, पण वीस वर्षांची गाडी कायद्याच्या लेखी व्हिण्टेज नाही, नुसतीच म्हातारी.

आणि मॉडिफिकेशन? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी हवी. मोठा आवाज काढणारा सायलेन्सर तर विसराच. विमा कंपनीला न सांगता बदल केले तर अपघातानंतर क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवा. म्हणजे मॉडिफिकेशनची खरी मजा आहे ती गाडी पुन्हा मूळपदावर आणण्यात. कमी कूल वाटतं, पण प्रत्यक्ष केल्यावर कळतं!

तुम्हालाही खाज सुटली असेल तर...

१. गाडीच्या किमतीएवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच गाडी घ्या. स्वस्तातली टर्बो ही जगातली सगळ्यात महागडी वस्तू आहे.

२. घेण्याआधी स्कॅनर लावा आणि तेलाचं झाकण उघडून बघा. काळा गाळ दिसला तर नमस्कार करून निघा.

३. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली स्टॅण्ड लावा, चाकांना ओट द्या.

४. जोरात चालवून आलात की लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, टर्बो निवतो.

५. बेल्टचं काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. यूट्यूब बघून ऑपरेशन करत नाहीत!

फिटनेस झाला. मागच्या महिन्यात मावशी याच गाडीतून नांदेडला गेली. मागच्या सीटवर मी होते. काका पुढे बसलेले, हात डॅशबोर्डवर, नजर काट्यावर. वसमतच्या अलीकडे रिकामा सरळ रस्ता लागला. भाऊने जरा दाबलं, बारीकशी शिट्टी वाजली आणि गाडी पुढे सरकली. मी काकांकडे बघितलं. आता बोलणार! काका वळून म्हणाले, ‘हळू. तुझी आई झोपलीय.’

रीमॅप? तो अजून यादीत आहे. तळाला.