सामान बांधण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास अंकुशनगरचा रस्ता गजबजू लागतो. अंबड तालुक्यातील ही वसाहत कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली; त्यामुळे तिचे वर्ष पंचांगाइतकेच गळीत हंगामावर चालते. ऊसतोडीच्या टोळ्या येतात. भांडी, अंथरुणे, सरपण आणि त्या साऱ्यावर बसलेली मुले असे एकेक बिऱ्हाड गाडीतून उतरते आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा गाडीत चढते. मुलाबाळांसह गाव सोडणे म्हणजे काय, हे येथील दुकानदार गल्ल्यावर बसून दरवर्षी पाहत असतो.

तीच वेळ गल्ल्यामागच्या घरावर आली म्हणजे मात्र त्या पाहण्याचा फारसा उपयोग होत नाही. व्यापारासाठी गाव सोडणे जैन घरांना नवे नाही. मराठवाड्यातील कितीतरी घरांचे पूर्वज मारवाडातून पाठीवर मोजके सामान घेऊन आले. पण त्या प्रवासाच्या कथांत पेढी कशी उभी राहिली हे सांगितले जाते. बरोबर आलेल्या मुलांचे काय झाले, हे कोणी सांगत नाही.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढे आणावे. किराणा दुकान सांभाळणाऱ्या तरुण गृहस्थाला सिकंदराबादच्या नातेवाइकाने भागीदारी देऊ केली. घरात पत्नी, चौथीत शिकणारी नऊ वर्षांची मुलगी, पुढील जूनमध्ये पहिलीत जाणारा मुलगा आणि गाव न सोडण्याचा निश्चय केलेले दादा-दादी. निर्णय पौष महिन्यात झाला. उधारीची वसुली सुरू झाली, मालाची मोजदाद झाली, ट्रकचे भाडे ठरले. मुलांना सांगण्याचे तेवढे राहून गेले. परीक्षा होऊ द्यावी, मग सांगू, असा विचार. एके दिवशी साखर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने मुलीलाच विचारले, "काय गं, तुम्ही हैदराबादला चाललात म्हणे?" मुलगी काही बोलली नाही. रात्री दादीच्या कुशीत शिरून तिने एकच प्रश्न केला, "दादी, तू येणार ना?" दादीला उत्तर देता आले नाही.

स्थलांतराची पहिली तयारी येथे चुकते. जी गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक आहे ती आपल्याला कोणी सांगितली नाही, हे मुलाच्या मनाला फार लागते. निर्णय पक्का होताच आई-वडिलांनी दोघांनी मिळून, शांत वेळ पाहून तो मुलांना सांगावा. का जायचे, कोठे जायचे, कोण बरोबर येणार आणि कोण येणार नाही, हे चारही मुद्दे स्पष्ट असावेत. "थोड्याच दिवसांसाठी जातो आहोत," असे खोटे आश्वासन कदापि देऊ नये. सत्यव्रताची पहिली शिकवण मूल घरातच घेते, आणि नव्या गावात त्याला धरून राहण्यासारखे आई-वडिलांच्या शब्दाखेरीज दुसरे काही नसते. दादी येणार नसेल तर येणार नाही असेच सांगावे आणि भेट कधी होईल तेही सांगावे. मुलगी रडेल. तिला रडू द्यावे.

दुसरी तयारी कागदांची. साधु-साध्वी सकाळ-संध्याकाळ आपल्या वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. प्रत्येक वस्तू उलगडून निरखून पाहतात. मुलांच्या कागदपत्रांचे तसे पडिलेहण निघण्यापूर्वी निदान दोन महिने करावे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे जनरल रजिस्टर या तिन्ही ठिकाणी नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का, ते पाहावे. धर्माच्या रकान्यात 'जैन' अशी नोंद आहे की नाही, हेही तपासावे. केंद्र सरकारने २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले असून शिष्यवृत्ती व प्रवेशाच्या कामी ही नोंद विचारली जाते. मूल शाळेत असेपर्यंत अशी दुरुस्ती सुलभ असते. दाखला निघाल्यावर तीच गोष्ट कार्यालयांचे उंबरे झिजवायला लावते. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपत्रके, शाळेच्या ऑनलाइन नोंदीतील विद्यार्थी क्रमांक आणि लसीकरणाचे कार्ड एका पिशवीत ठेवावे. ती पिशवी ट्रकमध्ये जाऊ नये. आईच्या हाती असावी. परराज्यातील काही शाळा दाखल्यावर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती लागते का, हे नव्या शाळेत आधीच विचारावे.

या कामी कायदाही पालकाच्या पाठीशी आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कोणत्याही कारणाने राज्यात वा राज्याबाहेर शाळा बदलावी लागली, तर दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू वा नाकारू नये, असेही तेथे नमूद आहे. मात्र बदलीचा हा हक्क सरकारी व अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत जागा मिळवणे हे पालकाच्या धडपडीवर सोडलेले आहे. म्हणून ज्यांना खासगी शाळा हवी त्यांनी घर भाड्याने घेण्यापूर्वी शाळा नक्की करावी. घर शाळेजवळ असावे. दुकान थोडे लांब पडले तरी चालेल.

तिसरी तयारी भाषेची, आणि सर्वांत कठीण तीच. तेलंगणाने २०१८ मध्ये कायदा करून शाळांतून तेलुगूचे शिक्षण अनिवार्य केले आहे. पाचवीत बसणाऱ्या या मुलीच्या वर्गातील मुलांनी तेलुगू लहानपणापासून ऐकलेली, लिहिलेली असणार. तिची सुरुवात अक्षरओळखीपासून. त्यातच मराठी माध्यमातून इंग्रजी माध्यमात जावयाचे असेल तर ओझे दुप्पट होते. अशा वेळी मूल वर्गात गप्प होते. घरी मारवाडी, शाळेत मराठी आणि गिऱ्हाइकांशी हिंदी सहज बोलणारी चुणचुणीत मुलगी दोन-तीन महिने तोंड उघडत नाही आणि तिच्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो. हा शिक्का आधी शिक्षक मारतात, मग पालकांना तो खरा वाटू लागतो, आणि शेवटी मुलीलाही. गाव सोडण्यात खरा धोका कोणता असेल तर तो हा. सामान फुटले तर नवे आणता येते. आपण हुशार आहोत हा मुलाचा विश्वास मोडला तर तो बाजारात मिळत नाही.

उपाय साधे आहेत, पण ते निघण्यापूर्वी करावयाचे आहेत. तेलुगूची वर्णमाला मराठीच्याच क्रमाने चालते: स्वर, मग कवर्ग, चवर्ग, टवर्ग. बाराखडीची रीतही तीच. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ एवढे स्वर अधिक. वाक्यात क्रियापद शेवटीच येते. म्हणजे जिला मुळाक्षरे पाठ आहेत तिला अर्धी वाट ठाऊक आहे, केवळ आकार शिकावयाचे आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत रोज पाच अक्षरे या हिशेबाने ती जूनपूर्वी सहज शिकून होतील. तेलुगूत 'पेरु' म्हणजे नाव, हे ऐकून कोणते मराठी मूल हसणार नाही? त्या हसण्यातूनच भाषेची भीती जाते. शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून मुलीच्या भाषांची माहिती द्यावी आणि पहिली चाचणी हे तिच्या बुद्धीचे माप समजू नये, अशी नम्र विनंती करावी. घरी गुण विचारण्याऐवजी "आज कोणाशी बोललीस?" असे विचारावे. मराठीही सुटू देऊ नये. दर रविवारी दादा-दादींना मुलीने स्वहस्ते मराठी पत्र लिहावे. दोन्ही घरांना त्या पत्राची वाट पाहण्याची सवय लागेल.

धाकट्या मुलाची तयारी निराळी. त्याला राज्याचा फरक कळत नाही, दिवसाचा कळतो. सकाळी कोण उठवते, दूध कोणत्या पेल्यात मिळते, झोपताना नवकार कोण म्हणते, हेच त्याचे गाव. म्हणून त्याचा पेला, पांघरूण आणि नवकाराची वेळ पहिल्या रात्रीपासून तीच ठेवावी. चातुर्मासाखेरीज साधु-साध्वी एका जागी फार काळ राहत नाहीत. गाव बदलते, मुक्काम बदलतो, पण नित्यनियम बदलत नाही. गृहस्थाने विहारातून घ्यावयाचा धडा हाच आहे.

आहाराचा प्रश्न जैन मुलापुढे अधिक येतो. अंकुशनगरात शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असते की हे मूल कांदा-बटाटा खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही. नव्या वर्गात हे कोणालाच ठाऊक नसते आणि डब्याच्या सुटीत मूल एकटे पडते. आपल्या नियमाचे समर्थन करण्याचा भार नऊ वर्षांच्या मुलीवर टाकू नये. "आमच्या घरी हे खात नाहीत, पण तू माझ्या डब्यातले घे," एवढे एक वाक्य तिला हिंदीत आणि इंग्रजीत शिकवावे, आणि डब्यात दोन घास जास्त द्यावेत. डिसेंबरात तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेची बस उशिरा येत असेल तर चौविहार पाळणाऱ्या घराने परतीच्या वाटेवरच्या खाण्याची सोय करावी. ती न जमल्यास लहान मुलाच्या नियमाची मर्यादा वडीलधाऱ्यांनी महाराज साहेबांना विचारून ठरवावी. दोषाची भावना मुलाच्या मनात राहू देऊ नये.

निघण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. मे महिन्यात गेले तर शाळा वर्षारंभी मिळते, आणि थोड्याच दिवसांत चातुर्मास बसतो. त्या चार महिन्यांत स्थानके व मंदिरे रोज भरलेली असतात आणि पर्युषणात तर सारा समाज एकत्र येतो. नवे कुटुंब ओळखीचे होण्यास याहून चांगला काळ नाही. एखाद्या सुटीत हैदराबादपासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या कुल्पाकजी तीर्थी मुलांना न्यावे. परक्या वाटणाऱ्या प्रदेशात आपले काही फार जुने आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. रात्री जालन्याला गाडीत बसून सकाळी सिकंदराबादला उतरता येते, तेव्हा दिवाळीला दादीकडे येण्याचे तिकीट निघण्यापूर्वीच काढून मुलीच्या हाती द्यावे.

मुलांना दूरच्या शाळेत रुजवता येते, याचा मोठा दाखला समाजाजवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुले पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली; पुढे वाघोलीचे शैक्षणिक संकुल याच कार्यातून वाढले. त्या मुलांसाठी शाळेत नाव घालणे पुरेसे नव्हते. राहणे, जेवणे, अभ्यास आणि मनाचा आधार यांची व्यवस्था एकत्र करावी लागली. ज्या समाजाने हे परक्या मुलांसाठी केले, त्याला स्वतःच्या दोन मुलांसाठी ते करणे अवघड नाही.

आणि या साऱ्या तयारीत गल्ल्यासमोरच्या त्या गाडीवरील मुलांचा विसर पडू नये. कोयत्याबरोबर आलेले मूल दरवर्षी दोनदा शाळा सोडते, आणि पाचव्या कलमातील हक्क त्याचाही आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गावी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण उचल घेऊन निघालेल्या आई-बापांना हे सांगणारा कोणी भेटत नाही. दुकानदाराला मात्र कोणत्या टोळीत शाळेच्या वयाची किती मुले आहेत हे ठाऊक असते, कारण चहा-साखर त्याच्याकडूनच जाते. स्वतःच्या मुलीसाठी त्याने जे नियम वाचले, जे कागद जमवले, ते त्याने पुडी बांधता बांधता समोरच्या बापाला समजावून सांगावे आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी त्याची गाठ घालून द्यावी. गाव सोडण्यापूर्वीच्या शेवटच्या हंगामात एवढे झाले, तर उधारीच्या वहीबरोबर आणखी एक जुने खाते फेडल्यासारखे होईल.