दिवाळीच्या सफाईआधी माळा उघडा

दिवाळी जवळ आली की माळे रिकामे होतात. फुटका मिक्सर, मुलांच्या जुन्या वह्या, वायरींचा गुंता, आणि कुठल्याशा खोक्यात काळ्या कॅसेटी. ‘आता कुठे लागतात ह्या?’ असं म्हणत खोकं भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी नव्वदीच्या दशकात नर्मदेच्या खोऱ्यात जाऊन आलं असेल, तर यंदा ते खोकं आधी उघडून बघा. एखाद्या कॅसेटीच्या पाठीवर ‘मणिबेली’, ‘डोमखेडी’, ‘धडगाव मोर्चा’ असं काही खरडलेलं सापडेल.

सरदार सरोवराच्या बुडितात गेलेल्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी मणिबेली हे पहिलं. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. नर्मदा बचाओ आंदोलनाचा मणिबेलीचा सत्याग्रह १९९१ पासून गाजत होता. मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, पण धरण थांबलं नाही, आणि त्याच पावसाळ्यात पाणी घरांत शिरलं. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी मोठ्या धरणांना पैसा देऊ नका असं बँकेला बजावलं, त्या जाहीरनाम्याला नाव दिलं ‘मणिबेली’. जगभर नाव पोचलं तेव्हा नदीकाठचं मूळ गाव पाण्यात जात होतं.

त्या काठाची शेतं, घरं, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ आज पाण्याखाली आहे. ती दिसतील अशी जागा आता एकच, चुंबकीय फितीवर.

या लढ्यावरचे चित्रपट आपण पाहिलेत, निदान त्यांची नावं तरी ऐकलीत. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ चा. डिसेंबर १९९० मध्ये बडवानीच्या राजघाटावरून निघालेली आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथं अडवली गेलेली संघर्षयात्रा अली काझिमींच्या ‘नर्मदा: अ व्हॅली राइझेस’ मध्ये आहे. हे चित्रपट बहुधा वाचतील. त्यांच्या प्रती देशोदेशी आहेत, आणि महोत्सवात ते पाहून बाहेर चहा पिताना हळहळणारे आपण आहोतच.

माझी काळजी उरलेल्या फितींची आहे. तासाभराच्या चित्रपटामागे कित्येक तासांचं चित्रण पडून असतं. त्याशिवाय कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, एखाद्या पाहुण्याने हँडीकॅमवर जमेल तसं टिपलेलं वेगळंच. संकलनाच्या टेबलावर मोर्चा राहतो, पोलीस राहतात, नेत्याचं भाषण राहतं. कापलं जातं ते बाकीचं. कुडाच्या घराला नवा कूड घालणारा माणूस, मोहाची फुलं वेचून परतणाऱ्या बाया, होळीला कमरेला वाळके भोपळे बांधून अंगावर राखेचे ठिपके काढून नाचणारे बावे, आणि कॅमेरा चालू आहे हे विसरून पावरीत चाललेली लांबलचक बैठक. दिग्दर्शकाच्या दृष्टीने ह्या बैठकीत काही घडत नाही. गावाच्या दृष्टीने सगळं तिथंच घडत असतं. कोण कुणाला अडवतं, कोण गप्प बसतं, शेवटी कुणाचं ऐकलं जातं. ‘कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. ती देण्याआधी रात्रभर काय बोलणं झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शिवाय हा फक्त आठवणींचा मामला नाही. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांत ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ हे शब्द लहान पोरालाही कळतात. ज्याचं नाव बाधितांच्या यादीत लागलं नाही, तो अघोषित. त्याने आपलं घर इथं होतं हे सिद्ध करायचं, तेही घर बुडाल्यावर. वनहक्क कायद्यात नेवाडाच्या, म्हणजे जंगलात कसलेल्या, जमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीची कसणूक दाखवावी लागते. १९९३ च्या फितीत मागच्या उतारावर ज्वारी उभी दिसत असेल, तर ती कोर्टात किती टिकेल हे वकील सांगतील. पण फीतच नसेल तर वकील तरी काय सांगणार?

आणि फीत फार दिवस थांबणार नाही. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप आपल्या दमट हवेत चिकट होतो, बुरशी धरतो. त्याहून मोठी अडचण यंत्राची. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. युनेस्को आणि ध्वनि-चित्र संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच इशारा दिला होता की २०२५ च्या आसपास अशा फिती वाजवणं जवळपास अशक्य होत जाईल. ती मुदत गेली.

म्हणून आता ज्याच्या हाती जे आहे ते त्याने काढावं. धुळे, शहादा, तळोदा, नंदुरबारमधले लग्नाचं शूटिंग करणारे भाऊ, हे खास तुमच्यासाठी. मोठमोठ्या संस्थांकडे नसलेली चालू यंत्रं तुमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर असतात, आणि अडकलेली फीत सोडवायचा हातही तुमच्याकडेच असतो. एका तासाची फीत संगणकावर उतरवायला तासच लागतो, घाईचा मार्ग नाही. मिनीडीव्हीच्या तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. म्हणजे खर्च आवाक्यातला आहे, लागतात ती माणसं आणि संध्याकाळी. पत्रकारिता शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे घ्यावं. पुण्याचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह आता एनएफडीसीचा भाग आहे. त्याने सिनेमाच्या रिळांइतकाच मान ह्या कॅसेटींनाही द्यावा, ही मागणी आपण लेखी करू. असंपादित चित्रण लोकांसाठी खुलं ठेवणारा ‘पॅड.मा’ हा संग्रह २००८ पासून चालू आहे, म्हणजे वाट पाडलेली आहे.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. पहिली प्रत खोऱ्यात परत गेली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या थंड खोलीत फीत वाचली आणि ज्यांची ती आहे त्यांना ती पाहायला अर्ज करावा लागला, तर आपण पुन्हा एकदा त्यांचंच काहीतरी उचलून आणलं. आंदोलनाच्या जीवनशाळांतून शिकून बाहेर पडलेली पावरा आणि भिल्ल मुलं आज मोबाइलवर स्वतःच चित्रण करतात. ती फीत आजी-आजोबांपुढे लावून, थांबवत थांबवत, पडद्यावरच्या माणसांची नावं लिहून घेणं त्यांच्याइतकं कुणालाच जमणार नाही. नंदिनी ओझा यांनी आंदोलनातल्या आदिवासी नेत्यांच्या तोंडून इतिहास ध्वनिमुद्रित केला, त्यातून ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक झालं. तसं ऐकून घेणं चित्रांच्या बाबतीतही हवं, आणि लवकर हवं. नावं सांगू शकणारी माणसं फितीच्याच वयाने थकत चालली आहेत.

तर खोकं सापडलं की एवढं करा. कॅसेट ‘चालते का बघू’ म्हणून घरच्या जुन्या यंत्रात घालू नका, चिकटलेली फीत तुटते. उन्हात वाळवू नका, स्पीकरशेजारी ठेवू नका. पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी. ज्यांनी चित्रण केलं त्यांना फोन करा. ते हयात नसतील तर त्यांच्या घरी. आणि पाठीवरचं लेबल कितीही मळकं असलं तरी पुसू नका, त्यावर पेनाने लिहिलेली तारीख दुसरीकडे कुठेही नसेल.