कागदी फुलांची शाळा

‘रानात वाढणाऱ्या मुलांस रानफुले ती काय शिकवावयाची?’ असा प्रश्न शिक्षणाविषयी अधिकाराने बोलणारी मंडळी वारंवार करतात. त्यांनी भाद्रपदात एकदा कसाऱ्याच्या गाडीने खर्डीस उतरावे. माळ तेरड्याने गुलाबी झालेला असतो, बांधावर कुर्डूचे तुरे डोलतात, कुंपणात कळलावी फुललेली असते. अशाच एका दिवशी आम्ही त्या बाजूच्या एका शाळेत हस्तकलेच्या तासास जाऊन बसलो. मुले क्रेप कागदाचे गुलाब करीत होती! तेरडा खिडकीतून दिसत होता.

गुलाबाशी आमचे वैर नाही. परंतु ज्या ठाकूर, वारली, कातकरी घरांत पहिल्या पावसाबरोबर शेवळे शिजतात आणि पुढे भारंगीच्या फुलांची भाजी होते, तेथील मुलास विकतच्या कागदावर ‘फूल’ शिकविणे म्हणजे त्याची आई अडाणी आहे असे त्यास न बोलता सांगणे होय. शेवळे हा फुलोराच. तो घशाला खाजतो म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावयाचा. हे त्या माउलीस ठाऊक असते. आमच्या किती शिक्षकांस ठाऊक आहे?

आणि मूल रानात जन्मले म्हणजे रान त्यास आपोआप कळते, हेही आता खरे राहिले नाही. आश्रमशाळेतील मूल जूनमध्ये घर सोडते आणि, एखादा सण वगळल्यास, दिवाळीस परतते. फुलांचा सारा हंगाम भिंतींआड जातो. मे महिन्यात ते घरी असते तेव्हा माळ करपलेला असतो.

ह्यावरील उपाय जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाला होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर (दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत) बालशिक्षणाचे काम केले. मुले गुरांमागे जातात, तर शाळाच कुरणात न्यावी, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. मॉंटेसरीबाईंच्या महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शिंपले आले. त्यांचे गोडवे आम्ही गातो आणि कागद मात्र दुकानातून आणतो.

तेरड्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फुटते व बी उडते. ह्याहून चांगले खेळणे कोणते? ते बी मुलांनी पुडीत जमवावे, पुडीवर नाव, जागा व तिथी लिहावी, आणि पुढल्या पावसात शाळेच्या बांधावर पेरावे. पळसपानांची पत्रावळ लावावी. कळलावीचा कंद विषारी. तिला हात न लावता समोर बसून चित्र काढावे. फुले तोडून रान उजाड होईल, ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून जे माळभर आहे तेच तोडावे, एकटे फूल दिसल्यास ठेवावे. हा नियम मुले मोठ्यांहून नीट पाळतात.

उलट आमचे वृक्षारोपण पाहा. मूळच्या मादागास्करच्या गुलमोहराचे रोप, पाहुणे आणि छायाचित्र! तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. ह्या उत्साहाचा रंग तेवढाही टिकत नाही.

गावातील एखाद्या आजीस आठवड्यातून एक तास वर्गात बोलवावे, एवढीच आमची मागणी. तिची पात्रता कोणत्या रकान्यात भरावी, ते शिक्षणखात्याने ठरवावे.